पोरगं म्हणतंय रेसर व्हायचं. काय करू?

बोअरिंगवाला
नमस्कार मंडळी. उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक बोअरिंग मशीन. इंजिनाचे झिजलेले सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कातून द्यायचा धंदा वडिलांपासून चालत आलाय. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला. गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला पोलिसांचा फोन आला. पोरगं मित्राची ड्यूक बाईक घेऊन पन्हाळा रस्त्याला शर्यत लावत होतं, वाघबीळपर्यंत. चौघं होते, तिघं सापडले, त्यात आमचं एक.

घरी आणलं तेव्हा माझा हात उठला होता. पण ते आत गेलं आणि एक दोनशे पानी वही घेऊन आलं. वहीत चेन्नईच्या रेस ट्रॅकचा हाताने काढलेला नकाशा. प्रत्येक वळणाला कुठला गिअर, ब्रेक कुठे धरायचा, गाडी कुठल्या कडेला न्यायची, सगळं पेन्सिलने लिहिलेलं. मोबाईलवर व्हिडिओ थांबवून थांबवून काढलंय म्हणे. "बाबा, मला रेसर व्हायचंय."

मी इंजिन ओळखतो, हा खेळ ओळखत नाही. यात खरंच करिअर असतं का? कोल्हापुरातून कुठे जायचं? किती पैसा लागतो? आणि तिशीनंतर पोरगं करणार काय? घरात बायको चार दिवस नीट जेवलेली नाही. जाणत्यांनी सांगावं.

रंकाळाकाठ
आधी चावी काढून घ्या. बाकीचं नंतर.

काळा_कोट
रंकाळाकाठ यांच्याशी सहमत, आणि कारणही सांगतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढच्या वेळी दहा हजार आणि एक वर्षापर्यंत. पण तुमच्यासाठी मोठी गोष्ट वेगळीच आहे. मुलगा अठराच्या आत आहे. कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक आणि गाडीचा मालक दोषी धरले जातात. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. ज्याला गाडीवरच आयुष्य काढायचंय त्याने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊ नये. हे त्याला शेजारी बसवून वाचून दाखवा.

तांबडा_पांढरा
पन्हाळ्याचा रस्ता लय पोरांनी खाल्लाय. आमच्या गल्लीतला एक दहा वर्षांमागे गेला. त्याची आई अजून त्या बाजूच्या बसला बसत नाही. काका, पोराला जीव लावा पण गाडी देऊ नका.

पिटलेन_सात
मी उत्तर द्यायला हवं, कारण मी यातून गेलोय. कसबा बावड्याचा. तीन सीझन नॅशनलला, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या शर्यतींत पळालो, एक नवशिक्यांच्या गटात आणि दोन १६५ सीसीत. नंतर थांबलो. आता गाड्यांचं सस्पेन्शन सेट करून देतो, त्यावर घर चालतं.

पहिलं म्हणजे कुठे जायचं. आपल्याकडे रेसिंगचं लायसन्स एफएमएससीआय देते, मोटरस्पोर्टची देशातली मान्यताप्राप्त संघटना तीच. आधी मान्यता असलेल्या शाळेत ट्रॅकवरचं प्रशिक्षण, मग मेडिकल, मुलगा अल्पवयीन असेल तर आईवडिलांची सही. शर्यती मुख्यतः चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या मद्रास ट्रॅकवर होतात, ३.७१७ किलोमीटर, बारा वळणं. दुसरा कोइम्बतूरचा कारी स्पीडवे, तो लहान. तिसरा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. आपल्या पट्ट्यातून म्हणाल तर पिकअपमध्ये गाडी टाकायची आणि बेळगाव, हुबळी, बंगळूर करत जायचं. मी तसाच जायचो. मित्र गाडी चालवायचा आणि मी मागे बाईकला टेकून झोपायचो.

पैशाचं सांगतो. स्वतःची गाडी घेऊन नॅशनलला उतरणं महाग पडतं. प्रवेश फी, टायर, पेट्रोल, मेकॅनिक, राहणं, आणि पडल्यावरचं बिल. एकदा साधं घसरलात तरी लिव्हर, क्लिप-ऑन, फूटपेग, फेअरिंग जातं. माझ्या पहिल्या सीझनला आईच्या पाटल्या गेल्या. मी त्या सोडवल्या, पण सहा वर्षांनी. म्हणून सामान्य घरच्या पोराने वन-मेक शर्यतींकडे बघावं. टीव्हीएसची १९९४ पासून चालू आहे, होंडाची टॅलेंट कप आहे. तिथे सगळ्यांना सारखीच गाडी मिळते. निवड चाचणीत चांगला लॅप टाइम, म्हणजे एका फेरीचा वेळ, लावला की खर्चाचा मोठा बोजा उतरतो.

आता वयाचं, हे मनाला लागेल पण सांगतो. स्पेनचा मार्क मार्केझ सतराव्या वर्षी १२५ सीसीचा विश्वविजेता होता. स्पेन-इटलीची पोरं पाच-सहा वर्षांची असताना मिनीबाईकवर बसतात. तुमचा मुलगा सतराव्या वर्षी सुरुवात करतोय. मोटोजीपीचं, म्हणजे बाईक रेसिंगच्या सगळ्यात वरच्या विश्वस्पर्धेचं, स्वप्न त्याला दाखवू नका. पण नॅशनल चॅम्पियन व्हायला, कंपनीच्या टीममध्ये जागा मिळवायला, आशियाई स्पर्धेत पळायला उशीर झालेला नाही. आपल्यातले बरेच जण विशीच्या आसपास सुरू झालेले आहेत.

आणि वही. काका, रस्त्यावर जोरात जाणारी पोरं मी शेकड्याने बघितली. ट्रॅकवर आली की पहिल्या दोन लॅपला जोर करतात आणि तिसरीला ट्रॅकबाहेर खडीत. रेसिंग म्हणजे दहा लॅप मारायच्या आणि दहाही एकमेकींच्या अर्ध्या सेकंदाच्या आत बसवायच्या. त्याच ठिकाणी ब्रेक, त्याच ठिकाणी गाडी वळणात कलती करायची, त्याच ठिकाणी थ्रॉटल उघडायचा. त्याला धाडसापेक्षा हिशेब जास्त लागतो. वही काढणारं पोरगं मी माझ्या तीन सीझनमध्ये एकच बघितलं होतं, आणि ते पुढे गेलं.

रंकाळाकाठ
पिटलेनदादा, एवढं लिहिलंत, मनापासून आभार. चावी काढून घ्या हे माझं मत मात्र कायम.

पिटलेन_सात
माझंही तेच मत आहे.

आरएक्स_प्रेमी
बोअरिंगवाले काका, ९८ साली माझ्या आरएक्स १०० चा सिलिंडर उद्यमनगरातच बोअर केला होता. पाऊण इंच जाडीचा चष्मा लावणारे एक आजोबा होते, हाताने पिस्टन आत सोडून आवाजावरून सांगायचे, "अजून दोन हजारांश घ्यायला लागतंय." तुमचे वडील तर नव्हेत?

बोअरिंगवाला
तेच. चार वर्षं झाली जाऊन. आवाजावरून खरंच सांगायचे, मी मायक्रोमीटर लावून तपासायचो तर तेवढंच निघायचं.

आरएक्स_प्रेमी
ती गाडी अजून माझ्याकडे आहे. आजोबांना नमस्कार.

मीनल_फिजिओ
मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि रेसिंग करणारे चार-पाच जण माझ्याकडे येऊन गेलेत. शरीराचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

सगळ्यात जास्त मोडतं ते गळ्याखालचं हाड. माणूस पडताना हात पुढे टाकतो आणि सगळा मार खांद्यावर येतो. दुसरं म्हणजे मनगटाचं लहान हाड, ते एक्स-रेत लवकर दिसत नाही. तिसरं, ज्याला ही पोरं आर्म पंप म्हणतात. सतत ब्रेक धरून कोपराखालचे स्नायू फुगतात, बोटं बधिर होतात, लिव्हर ओढवत नाही. काहींना त्यासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते.

पण मला जास्त भीती घाईची वाटते. मार्केझचंच घ्या. जुलै २०२० मध्ये स्पेनमधल्या हेरेझच्या शर्यतीत दंडाचं हाड मोडलं, दोन दिवसांनी प्लेट बसवली आणि त्याच आठवड्यात तो पुन्हा गाडीवर बसला. दोन आठवड्यांच्या आत दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. अख्खा सीझन गेला. पुढे त्याच हातावर एकूण चार शस्त्रक्रिया झाल्या, आणि पुन्हा विश्वविजेता व्हायला २०२५ उजाडलं. जगातले सगळ्यात चांगले डॉक्टर हाताशी असताना हे झालं. तुमच्या मुलाला पडल्यावर थांबवणारं कुणीतरी हवं. ते तुम्ही किंवा त्याची आई असाल, टीम नसेल.

पिटलेन_सात
मीनलताई, अगदी खरं. मी हाय-साइड झालो होतो. नव्यांसाठी सांगतो: वळणात मागचं टायर घसरतं, घाबरून थ्रॉटल एकदम सोडला की ते झटक्यात परत पकडतं आणि गाडी तुम्हाला गोफणीसारखं वर फेकते. चूक माझीच. पहिली लॅप, टायर थंड, आणि मला पुढच्या दोघांना गाठायचं होतं. गळ्याचं हाड गेलं. पाचव्या आठवड्यात परत बसलो. उजवा हात आजही डोक्याच्या वर पूर्ण जात नाही.

तालमीतला
काका, मी कुस्तीतला माणूस. गाडीतलं कळत नाही, पण तुमच्या शेवटच्या प्रश्नावर बोलतो, तिशीनंतर काय.

शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं, पैलवानांना राजाश्रय दिला. दूध, तूप, बदाम, राहायला तालीम, शिकवायला वस्ताद. पैलवान थकला तरी त्याला दारात उभं करत नव्हते. म्हणून कोल्हापुरात कुस्ती टिकली. पुढे राजाश्रय गेला आणि कित्येक चांगले पैलवान वॉचमनची नोकरी करताना मी बघितले. नेमबाजीत आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं. तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता, पगार चालू होता, म्हणून सराव चालू राहिला. तुमच्या खेळात हा आधार कुठे आहे? ऑलिम्पिकमध्ये तर तो नाहीच. माझं म्हणणं एवढंच, पोराच्या हातात दुसरं काहीतरी असू द्या, आणि ते तिशीला नको, आत्तापासून.

पन्हाळ्याचा_वारा
मला मात्र वाटतं आपण सगळे घाबरवतोय. वेगाचं वेड असलेल्या माणसाला वेगापासून तोडून तो जगतो का? ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटाचं नाव ऐकलंय का कुणी? १९०७ पासून शर्यत होते. साठ किलोमीटरचा रस्ता, गावातून, घरांच्या भिंतींना लागून. जोई डनलॉपने तिथे सव्वीस शर्यती जिंकल्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, २००० साली, एकाच आठवड्यात तीन. गावात साधा पब चालवायचा, स्वतःची गाडी स्वतः जुळवायचा, आणि व्हॅनमध्ये सामान भरून रोमानियातल्या अनाथाश्रमांना स्वतः नेऊन द्यायचा. ते आयुष्य वाया गेलं म्हणायचं?

सुलभाआत्या
पन्हाळ्याचा वारा, उरलेलं पण सांगा की. जोई त्याच वर्षी एस्टोनियात शर्यतीत गेला. भाऊ रॉबर्ट २००८ ला शर्यतीच्या सरावात गेला. रॉबर्टचा मुलगा विल्यम २०१८ ला तसाच गेला. एका घरातले तीन. दुसरा मुलगा मायकल अजून पळतोय, काकाचे सव्वीसही त्याने मागे टाकले. माझा लेक तुमच्यासारखंच रात्रंदिवस हे बघत असतो, म्हणून मला माहीत आहे. मला दरवेळी त्या घरातल्या बाया आठवतात. त्यांच्याबद्दल कुणी व्हिडिओ करत नाही.

पन्हाळ्याचा_वारा
आत्या, चुकलो. मी तो भाग टाळला.

पिटलेन_सात
आत्यांचं बरोबर आहे, आणि एक फरक इथे नीट मांडायला हवा. आइल ऑफ मॅन हा बंद केलेला सार्वजनिक रस्ता आहे. ट्रॅक वेगळा असतो. कडेला मोकळी जागा, खडी, झेंडे घेतलेले मार्शल, दारात रुग्णवाहिका. समोरून ट्रॅक्टर येत नाही. गाडी ट्रॅकवर जाण्याआधी तपासणी होते. ऑइल ड्रेनचा बोल्ट सुटू नये म्हणून लॉकवायरने, म्हणजे तारेने बांधलेला हवा, रेडिएटरमध्ये कूलंट चालत नाही, साधं पाणीच, कारण कूलंट सांडलं तर मागचे सगळे घसरतात. एवढ्या बारकाईने बघतात.

तरी माणसं जातात, हेही लपवणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मद्रास ट्रॅकवर बंगळूरचा तेरा वर्षांचा मुलगा गेला. त्या आधी २०२१ मध्ये युरोपात चौदा, पंधरा आणि एकोणीस वर्षांची अशी तीन मुलं गेली, आणि मग जागतिक संघटनेने वयाची अट वाढवली. मोटो-थ्रीच्या, म्हणजे मोटोजीपीखालच्या लहान गाड्यांच्या विश्वस्पर्धेत आता थोडे अपवाद सोडले तर अठराशिवाय घेत नाहीत. अठरापर्यंत थांबला तर त्याचं काही बिघडत नाही.

नादखुळा_९९
मंडळी विषय जड झाला. कुणी सांगा, शर्यतीच्या सकाळी मिसळ खाल्लेली चालते का?

पिटलेन_सात
अजिबात नाही. लेदर सूट, चेन्नईचं ऊन आणि कट, हे मी एकदा करून बघितलंय. केळी आणि दहीभात खा.

नादखुळा_९९
दहीभातावर जगायचं म्हणजे कोल्हापूरकराला रेसर होणं अवघडच.

कोइम्बतूरचा_कोल्हापूरकर
मी मूळचा शिरोलीचा, गेली चौदा वर्षं कोइम्बतूरला एका फाउंड्रीत. हे गाव आणि आपलं गाव सख्खी भावंडं आहेत. इथेही पंप, फाउंड्री, लेथ, घरटी एक मशीन. फरक असा की इथल्या एस. करिवर्धन नावाच्या माणसाने पैसा आणि डोकं रेसिंगच्या गाड्या बनवण्यात घातलं. स्वस्तातल्या फॉर्म्युला गाड्या इथेच बांधल्या. ते १९९५ ला गेले, कारी स्पीडवे त्यांच्याच नावाने आहे. नारायण कार्तिकेयन याच गावचा, २००५ ला फॉर्म्युला वनमध्ये पोचलेला पहिला भारतीय. इथे आठवीतल्या पोरालाही गिअर रेशो म्हणजे काय ते माहीत असतं, कारण मामा नाहीतर शेजारी कुणीतरी रेसच्या गाडीवर काम करत असतो.

कोल्हापुरातही चारचाकीचं वातावरण तयार झालंय. मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक झाला, कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आला. दुचाकीत आपल्याकडे तेवढं झालं नाही.

आणि तालमीतल्या मामांच्या प्रश्नाला उत्तर. महिंद्राने २०११ ला १२५ सीसीच्या विश्वस्पर्धेत टीम उतरवली, मग मोटो-थ्री. २०१६ ला नेदरलँड्समधल्या असेनला त्यांच्या गाडीने पहिली शर्यत जिंकली. चालवणारा होता बान्याया, जो पुढे २०२२ आणि २०२३ चा मोटोजीपी विजेता झाला. भारतीय म्हणाल तर चेन्नईचा सरथ कुमार २०११ ला १२५ सीसीत पळाला. पण एका रायडरमागे इंजिनवाला, सस्पेन्शनवाला, टायरवाला, डेटा बघणारा अशी माणसं लागतात, आणि ती पन्नाशीतही कामावर असतात. बोअरिंगवाले काका, तुमच्या वर्कशॉपात वाढलेल्या पोराला यातलं अर्धं आधीच येतंय.

तालमीतला
हे पटलं. वस्तादाची जागा आहे म्हणजे.

अवनी_इचलकरंजी
मुलींसाठी काही आहे का? मी एकोणीस वर्षांची, घरी स्कूटरवर बसूनच सगळं शिकले.

पिटलेन_सात
आहे, नॅशनलला मुलींचा वेगळा गट आहे आणि वन-मेकमध्येही असतो. बंगळूरची ऐश्वर्या पिस्से रेसिंग आणि रॅली दोन्ही करते. २०१९ ला तिने बाहा, म्हणजे आडवाटेच्या रॅलींच्या विश्वचषकात महिलांचं विजेतेपद आणलं. क्लचची गाडी मात्र आधी नीट शिक. मेसेज कर, कागदपत्रं काय लागतात ते पाठवतो.

बोअरिंगवाला
चार दिवस लिहिलं नाही, कारण सगळं बायकोला वाचून दाखवत होतो. सुलभाआत्यांचा प्रतिसाद तिने तीनदा वाचायला लावला.

काळा कोट साहेबांचं कलम पोराने स्वतः मोठ्याने वाचलं. पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, इथे त्याचा आवाज बसला. चावी माझ्याकडे आहे.

रविवारी वर्कशॉप बंद असतं, तरी उघडलं. त्याला म्हटलं, पिटलेनदादा म्हणतात तो बोल्ट लॉकवायरने बांधून दाखव. पहिली वायर तुटली, दुसरी उलट्या बाजूने ओढली, म्हणजे बोल्ट सुटायच्या दिशेने. तिसरी बरोबर बसली. दुपारी दीडपर्यंत जेवायचं नाव नाही. मग मी वडिलांचा मायक्रोमीटर काढून त्याच्या हातात दिला. आजवर त्याला हात लावू दिला नव्हता.

आईची अट अशी: बारावी पूर्ण करायची, अठरा होईपर्यंत शर्यत नाही, रस्त्यावर तर कधीच नाही. रेसिंगच्या शाळेत मात्र घालायचं असं ठरलंय. दिवाळीच्या सुट्टीत चेन्नईला दोन दिवस नेऊ का?

कोइम्बतूरचा_कोल्हापूरकर
दिवाळीत नको काका. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा चेन्नईत सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे भरवसा नाही, ट्रॅक ओला मिळाला तर पैसे पाण्यात. बोर्डाची परीक्षा उरकून मार्चअखेर जा. ऊन असेल, पण कोरडं मिळेल.

सुलभाआत्या
वहिनींना माझा नमस्कार सांगा. आणि पोराबरोबर त्यांनाही न्या. ट्रॅक डोळ्यांनी बघितला की माणसाची भीती जात नाही, पण नेमकी कशाची ते कळतं. मी जाऊन आलेय.

पिटलेन_सात
काका, हेल्मेट आणि पाठीचा प्रोटेक्टर नवीनच घ्या. हेल्मेट कुणाचंही वापरलेलं घेऊ नका, आतून चिरलेलं बाहेरून दिसत नाही. लेदर सूट मात्र आत्ता घेऊ नका. माझा पहिला पडून आहे, उजव्या खांद्याला घासलाय पण शिवण धड आहे. पोराची उंची आणि छाती कळवा.

बोअरिंगवाला
पाच फूट सात, छाती छत्तीस. रविवारी बावड्याला येऊ का?

पिटलेन_सात
या. सकाळी या, ऊन व्हायच्या आत. वही आणायला सांगा त्याला.